हेस्टरच्या नावाची वात

गेल्या वर्षी सात महिने माझा आणि देवाचा अबोला होता. म्हणजे माझ्या बाजूने होता. त्याच्या बाजूचं आपल्याला काय कळणार! किमो संपली, गाठ गेली, डॉक्टर खूश झाले, पण जाता जाता ती औषधं माझ्या दहाही बोटांची टोकं बधिर करून गेली. संवेदना परत येईल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचला हे काय थोडं झालं, असं सगळे म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं, पण मी रुसले ते रुसलेच.

माझ्या रुसण्याचं कारण ऐकून कुणी हसेलही. मी मूळची अकोल्याची. कापसातली सरकी काढायची, तो हलक्या हाताने फुलवायचा, चिमटीत धरून पीळ द्यायचा आणि देवासाठी फुलवात वळायची, हे मला अक्षरओळखीच्या आधी आलं. अमेरिकेतल्या कॅरी गावात वीस वर्षं राहून बरंच काही सुटलं, पण दुकानातल्या पाकिटातल्या वाती मी देवापुढे कधी लावल्या नाहीत. इथल्या मराठी मंडळात कुणाकडे पूजा असली की ‘काकूंच्या वाती हव्यात’ असा निरोप यायचा आणि, खोटं कशाला बोलू, मी मनातून फुगायचे. किमोनंतर मात्र चिमटीत कापूस आहे की नाही हेच समजेना. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, बिचाऱ्याने दोन-चार वाती वळून दाखवल्या. एक जाड, एक वाकडी, एकीला तर टोकच नव्हतं. मी त्या बाजूला सारल्या, निरांजन कपाटात ठेवलं आणि देवाला बजावलं, माझी बोटं परत दे, मग दिवा लावते.

ऑक्टोबरात ईशा, आमची मुलगी, कॉलेजच्या सुट्टीत घरी आली. तिला निबंधासाठी गुलामगिरीच्या काळातला, जतन करून ठेवलेला कापसाचा एक मळा बघायचा होता. ‘आई, यू नीड टू गेट आउट ऑफ द हाउस,’ म्हणत तिने मलाही गाडीत घातलं. मी रस्ताभर डोळे मिटून बसले होते. तिला वाटलं झोप लागली, आणि मीही तसंच वाटू दिलं.

मळा दाखवणाऱ्या बाईंना तिथे सगळे मिस रूबी म्हणत. पंचाहत्तरीच्या कृष्णवर्णीय बाई, केस पांढरेशुभ्र, आवाज खणखणीत. आपल्याकडे असत्या तर मी पहिल्याच वाक्याला मावशी म्हटलं असतं. खरं तर त्या दिवशी त्यांची ड्यूटी नव्हती. दुसऱ्या बाई आजारी पडल्या म्हणून त्या आल्या होत्या. मालकाचं मोठं पांढरं घर त्यांनी भराभर दाखवलं आणि आम्हाला मागच्या झोपड्यांकडे नेलं. एका झोपडीत एकच खोली, फळ्यांची जमीन आणि कोपऱ्यात चूल. चूल दिसली आणि मी सवयीने उंबऱ्याबाहेर बूट काढले. ‘आई, इट्स अ म्यूझियम,’ ईशा पुटपुटली. मिस रूबींनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं. अकरा माणसं त्या खोलीत राहत होती, एवढंच त्यांनी सांगितलं.

झोपडीमागे कापसाचा छोटासा तुकडा होता. बोंडं टचटचून फुटलेली. ते पांढरं शेत दिसलं आणि माझं माहेरच समोर उभं राहिलं. नुकतंच ऐकलेलं सगळं मी क्षणात विसरले. एवढंच मनात आलं की कापूस उत्तम आहे, वात छान होईल, आणि माझ्या हाताने बोंड खुडलंसुद्धा.

‘आई! यू कान्ट टच दॅट!’ ईशा ओरडली.

मिस रूबी शांतपणे वळल्या. “मॅम, इथे आता कुणी कापूस वेचत नाही. तो फुटतो आणि आपला आपण गळून पडतो. आम्ही तसं ठरवलंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या जागी माणसांना मारून-मुटकून कापूस वेचायला लावला, तिथे मी हौसेने बोंड खुडत होते! माफी मागायला मी हात पुढे केला, तर कापसावर लाल डाग. बोंडाच्या वाळक्या टोकांनी अंगठा चांगलाच कापला होता आणि मला पत्ताच नव्हता.

मिस रूबींनी मला झोपडीच्या पायरीवर बसवलं, बाटलीतल्या पाण्याने अंगठा धुतला आणि पट्टी लावली. “दुखलं नाही तुला?” त्यांनी विचारलं, आणि मी रडू लागले. बोटं, वाती, सात महिन्यांचा अबोला, सगळं त्या परक्या बाईला सांगून टाकलं. ईशा शेजारी उभी राहून पहिल्यांदाच ते ऐकत होती.

“माझ्या आजीची आजी इथे राहायची. हेस्टर,” मिस रूबी म्हणाल्या. “तिचीही बोटं अशीच फाटायची. पण तिला सगळं जाणवायचं, हनी.” मग त्यांनी ते बोंड माझ्या हातातून घेतलं. “वेचलंच आहेस, तर वाया नको घालवू. वात कशी करतात ते मला शिकव. एक तुझ्या देवाला, एक हेस्टरला. जन्मभर तिने हा कापूस वेचला, चिमूटभरसुद्धा तिचा नव्हता.”

डागाळलेला कापूस आम्ही बाजूला ठेवला. मी सांगत गेले, त्या करत गेल्या. सरकी काढा, हलकेच फुलवा, मधोमध चिमटीत धरा, पीळ द्या. दोन वाती झाल्या, दोन्ही सुधीरच्या वातींइतक्याच वेड्यावाकड्या. ‘अहो, अशी नाही,’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांची सुरकुतलेली बोटं बघितली आणि गप्प बसले. मी सात महिने बोटं मागत होते. ती कुणाची असावीत, हे मीच ठरवून बसले होते. घरातली, सुधीरची, मी परत पाठवली, म्हणून देवाने मला इतक्या लांब आणून ही दाखवली, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

त्या संध्याकाळी कपाटातून निरांजन काढलं. काळं पडलं होतं. ईशाने घासलं, सुधीरने तूप घातलं. मिस रूबींनी वळून दिलेल्या दोन्ही वाती शेजारी शेजारी लावल्या. देवाशी काय बोलावं ते सुचेना. ‘चुकले रे’ एवढंच म्हणाले आणि पोटभर रडले.

माझी बोटं अजून बधिरच आहेत. वाती आता सुधीर वळतो. मंडळातून ‘काकूंच्या वाती’ मागितल्या जातात तेव्हाही त्याच जातात, आणि आजवर एकही वात वाकडी म्हणून विझलेली नाही. हात रिकामे असले तरी जोडता येतात, हे कळायला मला फार वेळ लागला. मिस रूबींचे आणि हेस्टरचे माझ्यावर उपकार आहेत. रोज संध्याकाळी आमच्याकडे दोन वाती लागतात. ईशा होस्टेलवरून फोन करते, इकडचं तिकडचं बोलते आणि ठेवताना हमखास विचारते, “आई, हेस्टरची लावलीस?”

“लावली गं,” मी म्हणते.