आतोबांची अधांतरी गौर

जगातल्या वस्तू जागच्या जागी मुकाट पडून आहेत, त्या केवळ आमच्या आतोबांची नजर त्यांच्यावर पडली नाही म्हणून, असं माझं स्वच्छ मत आहे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. सोलापूरच्या एका गिरणीत जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं काम त्यांच्याकडे होतं. दिवसभर तार गुंडाळून माणूस कंटाळेल की नाही? हे घरी यायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि आपल्या टेबलापाशी परत तार गुंडाळायला बसायचे. लोखंडाच्या कांबीवर तारेचे वेढे द्यायचे, त्यातून वीज सोडली की कांबीचं लोहचुंबक व्हायचं. बटण बंद केलं की पुन्हा नुसती कांब. एवढ्याशा गोष्टीवर तो माणूस उभा जन्म खूष होता.

मी बार्शीची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा गावात विजेचे दिवे नवे नवे होते आणि माहेरचं म्हणावं असं आत्याचं एकच घर होतं. माझ्या यजमानांना घेऊन पहिल्यांदा गेले, तर आतोबांनी ‘या, बसा’ म्हणायच्या आधी ‘कोटाच्या गुंड्या कशाच्या हो?’ असं विचारलं. लोक जानव्याला किल्ली बांधतात, यांनी लोहचुंबकाचा तुकडा बांधला होता. तो काढून त्यांनी जावयाच्या गुंड्यांना, छत्रीला आणि शेवटी चपलेच्या खिळ्यांना लावून पाहिला. खिळे लागले तेव्हा कुठे माणूस पसंत पडला. आत्या आतून ओरडली, ‘अहो, जावई आहेत ते, भंगार नव्हे!’ घरातल्या सुया एकमेकींना चिकटून बसायच्या, घड्याळानं तर खरं बोलायचं केव्हाच सोडलं होतं. तारेवर सूत चढवलेलं लागतं, नाहीतर वीज वेढ्यावेढ्यातून मधल्यामध्ये पळते, म्हणून एक दिवस आतोबा उघड्या तारेचं भेंडोळं घेऊन शेजारच्या तेलुगू विणकरांकडे गेले. तिथल्या अक्का मागासाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरायच्या. ‘अक्का, हिला सुताचं लुगडं नेसवून द्या,’ हे म्हणाले. अक्कांनी रहाट न थांबवता विचारलं, ‘काठपदराचं पायजे की साधं ओ?’ आणि नेसवलं बरं का! चार संध्याकाळी बसून सगळी तार सुतात गुंडाळून दिली.

एका वर्षी चैत्रात मात्र जरा गडबड झाली. चैत्रात गौर महिनाभर माहेरी येते, तिला झोपाळ्यात बसवतात, आरास मांडतात, आणि बायका हळदीकुंकवाला येऊन आंब्याची डाळ खातात, पन्हं पितात. आतोबांनी झोपाळ्यामागे लोहचुंबक लपवून तो आपोआप हलता केला होता. तो बघायला आत्याच्या थोरल्या जाऊबाई वाकल्या, आणि त्यांच्या अंबाड्यातले आकडे एकामागून एक सटासट निघून चुंबकाला जाऊन लागले. भर हळदीकुंकवात सवाशिणीचे केस मोकळे! त्या कुंकू न लावून घेता तरातरा शुक्रवार पेठेत आपल्या घरी निघून गेल्या, आणि वर्षभर सांगत राहिल्या, ‘धाकटीकडे गौर बघायला नाही, वेडा बघायला जायचं.’

हे आत्याच्या जिव्हारी लागलं. त्यात पुढच्या चैत्रात आतोबांनी नवं काढलं. गौर म्हणे हवेत ठेवतो, खाली आधार नाही, वर दोरी नाही. याला लोखंड चालत नाही, ते जाऊन चिकटतं. याला लागतं जर्मन. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तेव्हा आम्ही सगळे जर्मनची भांडी म्हणायचो. तारेच्या वेटोळ्यात वीज उलटसुलट धावते आणि जर्मनच्या ताटलीला वर ढकलते, असं काहीसं होतं ते. आधी ताटली उचलायची आणि घसरून कोपऱ्यात पळायची. मग त्यांनी बाहेरून आणखी एक मोठं वेटोळं घातलं, तेव्हा कुठे ती बाई जागेवर थांबली. आत्यानं सगळं बघितलं आणि दोन अटी घातल्या. ‘जर्मनच्या ताटलीत माझी गौर बसणार नाही, चांदीची घ्या. आणि यंदा बायकांसमोर काही बिनसलं, तर हे टेबल घराबाहेर जाईल. पुन्हा तारेला हात लावायचा नाही, माझी शपथ आहे.’ आतोबा ‘बरं’ म्हणाले. एवढं बारीक ‘बरं’ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी माजघर भरून बायका. थोरल्या जाऊबाईही आल्या होत्या, डोक्यावरून पदर गच्च आवळून. आत्यानं गौर झोपाळ्यातून काढून चांदीच्या ताटलीत ठेवली. आतोबांनी बटण दाबलं. दिवे मंदावले, वेटोळं भुंग्यासारखं घुमायला लागलं, ताटली थरथरली आणि जागची हलली नाही.

‘अहो, काल तर उठत होती!’ आत्या हळूच म्हणाली.

‘काल तीत सुपारी होती.’

‘सुपारी?’

‘तू गौर तालमीला देईनास. म्हटलं, देवाच्या जागी सुपारी चालते.’

‘पूजेला चालते! वजनाला कशी चालेल?’

बायका फिसकन हसल्या. जाऊबाई म्हणाल्या, ‘उठा बाई, गौर दमलेली दिसते.’ आतोबांचा हात बटणावर तसाच. त्या टेबलाकडे ते असे बघत होते, की मला त्यांच्याकडे बघवेना.

तोच आत्या ताडकन उठली. ती हलकी जर्मनची ताटली तिनं स्वतः आणली, पदरानं पुसली, गौर तीत ठेवली आणि दोन फुलं वाहिली. ‘अगं, देवाला जर्मन?’ जाऊबाई किंचाळल्या.

‘वन्सं नाहीत की सासूबाई नाहीत इथं,’ आत्या म्हणाली, ‘पोर माहेरी आली आहे. माहेरी कुठल्या ताटात जेवली ते कोण बघतं? दाबा हो बटण!’

आणि काय सांगू तुम्हाला! गौर उठली. चांगली दोन बोटं वर, फुलांसकट, किंचित डुलत. अक्कांनी ताटलीखालून आपली कांडी या बाजूनं त्या बाजूला नेऊन दाखवली, कुठे काही लागलं नाही. ‘आमच्या सुताचं लुगडं हाय ते, उचलणारच की!’ त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. शेवटी आत्याच म्हणाली, ‘पुरे, ताटली तापते, गौरीला चटके बसतील.’ पण सोडतंय कोण? गल्लीतल्या बायका निरोप पाठवून बोलावल्या. पाच वेळा गौर उठली, पन्हं दोनदा करावं लागलं. चौथ्या खेपेला जाऊबाई पदर सोडून पुढे आल्या, कुंकू लावून घेतलं आणि म्हणाल्या, ‘भावोजी, आणखी एकदा दाखवा की.’

सगळ्या गेल्यावर मी आवरायला थांबले. आत्या टेबलापाशी उभी होती. तिनं विचारलं, ‘अहो, पण ती उठते कशी?’

उभ्या गावाला हा माणूस न विचारता समजावून सांगायचा. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि तिनं हे कधी विचारलं नव्हतं. आतोबा म्हणाले, ‘सांगतो. आधी बस.’ ती बसली. त्यांनी सांगायला सुरुवात केली, अडखळले, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. ती मधेच ‘थांबा, हे परत सांगा’ म्हणत होती.

दोघंही जाऊन आता फार वर्षं झाली. त्या दिवशी मोरीत बसून मी डाळीच्या वाट्या घासत होते, अगदी हळूहळू, एकीवर एक वाजू न देता.