कोटाच्या खिशातलं कानातलं

वहिनी डबिंग करायच्या. पडद्यावर नटी नुसते ओठ हलवायची, बोलायच्या वहिनी. त्यांचा नवरा सिनेमे लिहायचा. चोऱ्यामाऱ्या, संशय, लफडी आणि वर हशा, असला मसाला. आम्ही त्याला लेखकसाहेब म्हणायचो. आता साहेब म्हणायला जीभ वळत नाही.

मी काचेपलीकडे रेकॉर्डिंगला असतो. मागे एकदा चहा पिताना वहिनींनीच आपली फजिती सांगितली होती. नवऱ्याच्या कोटाच्या खिशात मोत्याचं एकच कानातलं सापडलं, तेव्हा बाईंनी घर डोक्यावर घेतलं. तर तो म्हणाला, "अगं वेडे, सिनेमातल्या चोरीसाठी दुकानातून नमुना आणलाय!"

"मी मेली उगाच संशय घेतला," असं म्हणत वहिनी पोट धरून हसल्या. आम्हीही त्यांना भरपूर चिडवलं.

त्याच्या नव्या सिनेमात नटी स्वतःच बोलणार होती. ऐनवेळी तिचा घसा बसला आणि वहिनींना बोलावणं गेलं. डबिंगला कोणी अख्खी गोष्ट सांगत बसत नाही. प्रसंग लावायचा, हातात कागद द्यायचा, की बोला.

प्रसंग लागला. बायको नवऱ्याच्या कोटातून मोत्याचं कानातलं काढते. तो म्हणतो, "अगं वेडे, दुकानातून नमुना आणलाय!" आणि त्याच खोलीत, कपाटाआड, दुसरी बाई श्वास रोखून उभी. तिचा एक कान मोकळा. दिग्दर्शक आधीच खिदळायला लागला होता.

वहिनी कागदाकडे बघतच राहिल्या.

"थांबूया का?" मी विचारलं.

"नको. लावा."

"मी मेली उगाच संशय घेतला," हे कागदावरचं वाक्य त्या असं बोलल्या, की दिग्दर्शकाने टाळ्या पिटल्या. अरे बैला, टाळ्या कसल्या पिटतोस!

तेवढ्यात लेखक आत आला. नटीच्या घशाचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. माईकसमोर बायको बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"या बायकोला पुढे कळतं का हो?" वहिनींनी विचारलं.

"अगं, ते आपलं हसण्यासाठी..."

"कळतं का?"

"नाही," तो पुटपुटला. "शेवटपर्यंत नाही."

वहिनींनी हेडफोन काढून खुर्चीवर ठेवले, पर्स उचलली.

"मग पुढचं दुसऱ्या कुणाकडून बोलून घ्या," त्या म्हणाल्या. "मला कळलंय."