मोहाचे गुलगुले

जरीपटक्यातल्या बचत गटांच्या मेळ्यात मी मोहफुलांचे गुलगुले प्रथमच पाहिले आणि खावेसे वाटले. पण घरात कोणी गेलं की वर्षभर तळलेलं गोड नातेवाइकांनी आणून दिलं तरच खायचं, अशी आमच्या भागातली रीत. माझी पत्नी सहा महिन्यांपूर्वी गेली, असं मी तळणाऱ्या बाईंना सांगितलं.

“मंग आणलं का कोणी?”

“नाही.”

झारा ठेवून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. गुलगुल्यांचा द्रोण घेऊन त्या माझ्यासमोर आल्या.

“मी तुमची काटोलची मावसबहीण,” म्हणत त्यांनी मांडवाचा बांबू ठोठावला. “हाय का जी भाऊ घरात?”

मी नसलेलं दार उघडलं. “या.”

“बहिणीले पाणी तं विचारा,” रांगेतून कोणीतरी म्हणालं.

मी पिशवीतली बाटली पुढे केली. त्या उभ्यानेच घोटभर प्यायल्या. सहा महिन्यांत माझ्याकडे आलेल्या त्या पहिल्याच पाहुण्या.