पट्टा

बीपी तपासायला नागपुरातल्या एका दवाखान्यात बसलो होतो. शेजारी कोराडीचे एक काका होते, झुपकेदार मिशांचे. रांगेत कोणी घुसलं की ते नुसते खाकरायचे आणि माणूस आपोआप मागे जायचा. फॉर्म भरणाऱ्या सिस्टरनं त्यांना विचारलं, "काका, लहानपणी काही ट्रॉमा?"

काकांना अपघाताचा वॉर्ड वाटला. "तेव्हा ट्रॉमा कुठी होतं वं पोरी? हात मोडला तरी सरकारी दवाखान्यातच नेत."

"तसं नाही जी. घरी मारत होते का? त्याच्यानंही बीपी वाढते म्हणतात."

काका माझ्याकडे वळून हसले. "बाप रोज पट्ट्यानं हाने. मले काही झालं का गा? धडधाकट बसून आहो."

बीपीच्या रांगेत बसून ते हे सांगत होते, तरी मला पटलं. माझेही वडील त्याच मताचे होते.

"थांबा, पट्टा काढते," म्हणत सिस्टरनं खुंटीवरच्या बीपीच्या मशीनकडे हात उचलला. काकांचं कोपर झटकन तोंडावर गेलं. मग सावकाश खाली आलं.

"मच्छर लय आहेत इथं," ते म्हणाले.

"आहेत खरे," मी माझं कोपर खाली घेत म्हणालो.