उजव्या बाजूचा व्रण

आमची आई भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत बेंबी बसवायची. कोणाच्या पोटात कळ आली की माणूस आमच्या दारात हजर. आई त्याला चटईवर उताणं झोपवून कोमट तेलानं पोट चोळायची, बेंबीभोवती बोटं फिरवायची आणि माणूस चहा पिऊन घरी जायचा. बेंबी सरकते यावर माझा विश्वास नव्हता, अजूनही नाही. पण तिचा एक नियम मला पटायचा. उजवीकडे खाली दुखत असेल तर ती बोट लावायची नाही, सरळ डॉक्टरकडे पिटाळायची. माझ्या धाकट्या भावाचं शाळेत असताना अपेंडिक्स काढलं, तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तिला दम भरला होता की असलं पोट चोळलंत तर आत फुटेल. तो दम तिने आयुष्यभर पाळला.

मागच्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर भावाच्याच पोटात दुखायला लागलं. तो लोअर परळच्या एका ऑफिसात एसीची देखभाल करायचा. वडील गेल्यापासून घरात आई आणि तो, दोघंच. मी लग्न होऊन दादरला राहते, कळलं तशी आले. दुखत होतं ते उजवीकडे खालीच. ताप होता, उलट्या होत होत्या. दुसरा कोणी असता तर आईनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला असता. पण याच्या पोटावर तर व्रण होता. जे काढून टाकलंय, ते फुटणार कसं?

आणि हे एकट्या आईचं म्हणणं नव्हतं. गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरनं शर्ट वर करून व्रण पाहिला, अपेंडिक्सचा प्रश्नच मिटला म्हणाला आणि गॅसच्या नि तापाच्या गोळ्या हातावर ठेवल्या. भाऊही तेच सांगत होता. वर मलाच म्हणाला की ताई, तू उगाच जीव खाऊ नकोस. शिकलेले काय नि न शिकलेले काय, आम्ही सगळेच त्या बोटभर व्रणावर विसंबलो. मला आजही त्या व्रणाचा राग येतो, एखाद्या माणसाचा यावा तसा.

आई सकाळ-संध्याकाळ चोळत राहिली. मग एका दुपारी दुखणं एकदम कमी झालं. भाऊ उठून बसला, वाटीभर पेज प्यायला. आईनं देवाला साखर ठेवली. संध्याकाळी तो थंडीनं कुडकुडायला लागला आणि पोट पाटासारखं कडक झालं, हात लावू देईना. शेजाऱ्यांनी उचलून टॅक्सीत घातला आणि आम्ही परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेला.

ऑपरेशन करून सर्जन बाहेर आला. तरुण होता, दमलेला होता. म्हणाला, अपेंडिक्स फुटलंय, पू पोटभर पसरलाय. माझं डोकंच फिरलं. त्याचं अपेंडिक्स कधीच काढलंय, तुम्ही पोट नक्की कोणाचं उघडलंत, असं मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं. तो चिडला नाही. त्यानं समजावून सांगितलं की लाखात एखाद्याला अपेंडिक्स दोन असतात. पहिल्या डॉक्टरला सुजलेलं एक सापडलं, ते काढून त्यानं पोट शिवलं. दुसरं मोठ्या आतड्याच्या मागे दडून बसलेलं, ते कोणी शोधलंच नाही. पुस्तकात हे वाचलं होतं, म्हणाला, प्रत्यक्षात आजच पाहिलं. म्हणूनच जुना व्रण दिसला तरी पोटाकडे नव्यानं बघायला हवं, असंही म्हणाला. खरं होतं ते. आमच्या काय कामाचं होतं?

भाऊ शुद्धीवर आलाच नाही. विष रक्तात भिनलं होतं. काही दिवस मशीननं श्वास दिला, मग मशीनही हरलं.

तो गेला त्या दुपारी आई वॉर्डाच्या दारात सर्जनसमोर जाऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"माज्या चोळण्यान फुटला काय, डॉक्टर?"

त्यानं तिला बाकावर बसवलं. चोळायला नको होतं, म्हणाला, पण न चोळताही ते फुटलंच असतं, वेळेवर ऑपरेशन हाच उपाय होता. मुळात हा जन्मापासूनचा दोष. बाळ आईच्या पोटात असतानाच एकाचे दोन होतात, त्यात कोणाचा हात नसतो. आईनं मान हलवली. मला वाटलं, या पोरानं तिच्या छातीवरचा धोंडा उचलला. मी त्याच्या पाया पडायची तेवढी बाकी होते.

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर आई मोरीच्या कट्ट्याला टेकून बसली होती. मी भांडी आवरत होते.

"तो पोटात होतो तेव्हा गिराण लागलला," ती म्हणाली. "तुज्या बापाशीक मिलीतल्या दुसऱ्या पाळीचो डबो होयो होतो. मी विळयेर बसून बांगडे कापलंय."

मला संताप आला. ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरलं तर पोराचा ओठ फाटतो म्हणतात, तेसुद्धा थोतांड. अपेंडिक्सचं तर कोणीच काही सांगितलेलं नाही. डॉक्टर एवढा जीव तोडून बोलला, तुझा हात नव्हता म्हणून, ते ऐकलंस की नाही? मी बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ऐकलंय तर. माज्याच पोटात एकाचे दोन झाले, असा बोललो तो," ती म्हणाली. "कापल्याशिवाय एकाचे दोन होतत काय गो?"