सतरा नंबरचा टॅबलेट

भूत-पिशाच्च, अंगात येणं, स्वप्नात येऊन सांगणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आमचं मूळ गाव मालवणकडचं. तिथे दर दोन घरांमागे एक गोष्ट, आणि त्या ऐकताना मी जांभया द्यायचो. माझं कामच लॉग वाचण्याचं आहे. मशीनमध्ये जे घडतं त्याची कुठेतरी नोंद असते, आणि नोंद असली की कारण सापडतं. गेल्या वर्षीच्या त्या शनिवारपर्यंत हे मी छातीठोकपणे सांगायचो.

मी साकीनाक्याला एका छोट्या कंपनीत आहे. शाळा, दवाखाने, लहान ऑफिसं यांचे कॉम्प्युटर, फोन, टॅबलेट आम्ही इथे बसून सांभाळतो. नवा अपडेट आला की तो कुठल्या मशीनवर कधी चढवायचा, ते मी ठरवतो. नाही चढवला तर धोका, आणि डोळे मिटून चढवला तर कधीकधी वाट लागते.

मुलुंडची एक विशेष मुलांची शाळा आमच्याकडे आहे. चाळीस टॅबलेट. त्यातला सतरा नंबर मनवाचा. मनवा नऊ वर्षांची. तिला ऐकू येतं, सगळं कळतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. टॅबलेटवरच्या चित्रावर तिने बोट ठेवलं की शब्द बोलला जातो, माधवीताईंच्या आवाजात. ताई तिच्या शिक्षिका. एकेक शब्द त्यांनी स्वतः बसून रेकॉर्ड केलेला. मी एकदा म्हटलं, "ताई, पाणी, भूक, शू... एवढं पुरे ना?"

"का हो कदम? मग पोरीने भांडायचं कशाने? रुसायचं कशाने?"

म्हणून त्यात 'आधी मी', 'गप रे' आणि 'कंटाळा आला बाई'सुद्धा होतं.

अडचण अशी, की ते अ‍ॅप बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. नव्या सिस्टीमवर ते उघडलंच नसतं, आणि आतले आवाज बाहेर काढायची सोय नव्हती. अपडेट झाला की संपलं. ताईंनी टॅबलेटच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने लिहून ठेवलं होतं — 'अपडेट करू नये'. मला दाखवून म्हणाल्या, "लक्षात ठेवाल ना?"

"ताई, निर्धास्त राहा," मी म्हटलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई गेल्या. आजारपण फार लांबलं नाही. नंतर काही महिन्यांनी आम्ही आमचं सॉफ्टवेअर बदललं, सगळे टॅबलेट नव्या यादीत घेतले, आणि 'हा सोडून' ही जुनी खूण घ्यायची राहून गेली. पाठीवरची चिकटपट्टी काही सॉफ्टवेअरला दिसत नाही. मला दिसली होती. मी सपशेल विसरलो.

त्या शनिवारी शाळेला सुट्टी होती. टॅबलेट वर्गातल्या कुलूपबंद कपाटात, चार्जिंगला. मी दुपारी बाराचा अपडेट लावला. पद्धत अशी — स्क्रीनवर विचारणा येते. कोणी काहीच दाबलं नाही तर पाच मिनिटांत काम आपोआप सुरू होतं. कोणी 'नंतर' दाबलं तर तासभर थांबतं. असं तीनदाच करता येतं. चौथ्या वेळी ते बटणच येत नाही.

ऑफिसात मी एकटा. खालचे लेथचे गाळे त्या दिवशी बंद, त्यामुळे साकीनाक्याला कधी नसते अशी शांतता. खिडकीच्या काचांवर निळी फिल्म आहे. तिच्यातून ऊन आत यायचं आणि टेबलं, खुर्च्या, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. माझ्या स्क्रीनवरच्या यादीत, अपडेट पूर्ण होईल तसा, एकेक टॅबलेट हिरवा होत होता. जेवण झालेलं. मान कधी कलली ते कळलं नाही... आणि अगदी कानाजवळ कोणीतरी हळू म्हणालं, "थांबा हं जरा."

मी दचकलो नाही. उलट इतकं बरं वाटलं की डोळे उघडावेसे वाटेनात. उघडले तेव्हा दोन चाळीस झाले होते. एकोणचाळीस हिरवे. सतरा नंबर पिवळा. 'नंतर' दाबलं — बारा, एक, दोन.

कोणीतरी मूल खेळतंय, असं वाटलं. शाळेच्या वैशालीबाईंना फोन केला, त्यांनी उचलला नाही. दहा मिनिटांनी पुन्हा केला.

"आज कुठे मुलं, कदम सर? शाळा बंद आहे. कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये."

"मग सतरा नंबर कोण वापरतंय?"

"सतरा? अहो, तो मनवाचा! त्यात ताईंचा आवाज आहे! तुम्ही त्याला अपडेट लावलात?"

त्या म्हणाल्या, "मी निघते, घर जवळच आहे." मी अपडेट थांबवायला गेलो तर सिस्टीमने मला बाहेर काढलेलं. पासवर्ड टाकला, ओटीपी येईना. दोन अठ्ठावन्न. तीन. ताईंना दिलेला शब्द, मनवाचं रुसणं, भांडणं, सगळं डोळ्यांदेखत पुसलं जात होतं आणि मी फोनकडे बघत बसलो होतो. ओटीपी आला, आत शिरलो, सतरा नंबरचा अपडेट रद्द केला, तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

तोवर सुरू व्हायला हवा होता. झाला नव्हता. लॉगमध्ये चौथी नोंद होती — तीन वाजता, 'नंतर' दाबलं.

थोड्या वेळाने वैशालीबाईंचा फोन आला. कुलूप जसंच्या तसं होतं. टॅबलेट कव्हर मिटून ओळीत उभे होते. सतरा नंबर काढला, तर तो हाताला किंचित गरम लागला, एवढंच.

सोमवारी माझा सहकारी संदेश हसला. "अरे यार, चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप दाबली जाते कधीकधी. घोस्ट टच म्हणतात त्याला. तूच शिकवलंस ना मला?"

"मिटलेल्या कव्हरखाली? तासातासाला बरोबर? आणि चौथ्या वेळी ते बटण कुठून आलं?"

त्याने खुर्ची ओढली आणि लॉग स्वतः वाचायला घेतला.

त्याच आठवड्यात मी शाळेत गेलो. टॅबलेटशेजारी रेकॉर्डर ठेवला आणि मनवाने एकेक चित्र दाबत सगळे शब्द वाजवून दाखवले, म्हणजे ते निदान दुसरीकडे राहतील. तासन् तास माधवीताई त्या खोलीत बोलत होत्या. आई. चिंच. उद्या. गप रे. वैशालीबाई पदराने डोळे पुसत होत्या.

काम संपलं तेव्हा मला राहवलं नाही. मनवासमोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, "माझं चुकलं गं. मी विसरलो होतो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पानं मागे-पुढे करत एक चित्र शोधलं, त्यावर बोट ठेवलं, आणि ताईंचा आवाज म्हणाला, "असू दे."

आता अपडेट लावण्याआधी मी शाळेत जाऊन चाळीसही टॅबलेट उलटे करून पाठी बघतो. त्या चौथ्या नोंदीचं कारण मात्र मला आजतागायत सापडलेलं नाही. आणि मला माफ केलं ते मनवाने की आणखी कोणी, तेही सांगता येत नाही.