मिटल्या ओठांचा शब्द

बायकोच्या अंगावरून वारं गेलं आणि तिच्या तोंडात चारच आवाज उरले. आ, ऊ, म आणि ब. क निघत नव्हता, र तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, हिला समजतं सगळं, फक्त जीभ वळत नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली. तांब्या, गोळी, संडास. हवं त्यावर बोट ठेवायचं. हिनं एकदा कार्डांकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. आठ दिवस आहे तो आवाजही काढला नाही. मला घरात बसवेना. लिंबायतच्या आमच्या गल्लीत मी उगाच चकरा मारत राहिलो.

मी चौथी शिकलेला. पण कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात जन्म गेला. तिथं यंत्रांच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून आम्ही शिट्ट्यांनी बोलायचो. पहिली शिट्टी कुठलं मशीन ते सांगणारी, दुसरी काय बिघडलं ते. ही रीत आम्ही कारागिरांनीच बसवली होती. मग चार आवाजांत बायकोचं बोलणं का बसणार नाही?

मुलगा हजीऱ्याच्या कारखान्यातून ड्युटी करून आला. म्हणाला, "बाबा, आधी बाईंना विचारा."

"बाईंना विचारून लग्न केलं होतं का मी?"

नातीची कोरी वही घेतली. प्रत्येक शब्दाचे दोन तुकडे. आधी 'मा' आलं की तोंडात जाणारं, 'बा' आलं की अंगाचं, 'ऊ' आलं की घरातलं-बाहेरचं. माऊ म्हणजे पाणी. माबा चहा. बाऊ म्हणजे कूस वळवा. ऊबा पंखा, ऊमा बाहेर जाणं. आणि एक पक्का नियम: शब्द संपताना तोंड उघडं पाहिजे. लूमनं माझे कान खाल्लेत, मिटल्या ओठांचा आवाज मला पोचत नाही.

रोज तिच्याशेजारी बसून एकेक शब्द म्हणून दाखवत राहिलो. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "माऊ." मी पाणी घेऊन धावलो, अर्धं वाटेतच सांडलं.

भाकरीला मी 'मामा' ठेवलं होतं. सून मला मामाच म्हणते. ती हसून म्हणाली, "मामा, आत्याबाई तुम्हाला खायला मागताहेत!" बायकोच्या ओठांचं एक टोक हललं.

मग एका दुपारी मी चहा नेला, तर ती ओठ घट्ट मिटून बसली. मी वही उघडली. पाणी? पाय दाबू? पंखा? तिचा गळा हलत होता, ओठ मिटलेलेच. सून म्हणाली, "मामा, त्या म्म् म्हणताहेत. नको म्हणताहेत."

"असा शब्द नाही वहीत."

"नाही ना. पंधरा शब्द केले, त्यात 'नको' कुठंय?"

"एका तुकड्याचा शब्द चालणार नाही. आणि तोंड मिटून तर मुळीच नाही."

मी हटलो नाही. तीही हटली नाही. दोन दिवस तिनं माऊसुद्धा म्हटलं नाही, ओठ कोरडे पडले तरी. चमच्यानं पाणी पाजायला गेलो तर मान फिरवली. पुन्हा भिंतीकडे. ते आठ दिवस परत आले असते तर या खेपेला ते माझ्यामुळं आले असते.

तिसऱ्या सकाळी वही घेऊन तिच्या समोर बसलो. तिला दिसेल असं लिहिलं, म्म्, नको. नियमाची ओळ खोडली. पेन कागदातून आरपार गेलं.

ती म्हणाली, "माऊ."

संध्याकाळी दाराशी चप्पल घालत होतो. सून ओरडली, "मामा, मागं बघा. केव्हाच्या बोलताहेत."

मी वळलो. "ऊमा," ती म्हणाली आणि ओठ मिटले. बाहेर जाणं आणि नको, दोन शब्द जोडून.

"अगं, दुधाची पिशवी घेऊन आलोच."

ओठ मिटलेलेच.

सून म्हणाली, "बसा आता. तुम्हीच शिकवलंय."

"हे मी नाही शिकवलं," मी म्हणालो आणि चप्पल काढली.